हातभर आखूड

मित्रांनो, लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला खालून टेकू देणारी एक वेळूची काठी आहे. अंगावर भगव्या रंगाचे पोपडे, मधल्या भागावर तांब्याच्या तारेचे घट्ट कडे. ती जुनी काठी म्हणजे मी. माझी हकीकत ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला स्वतःलाच खात्री वाटत नाही. पण एक गोष्ट वेळेवर सांगता आली नाही, ती मनात राहून गेली आहे. म्हणून हा खटाटोप.

माझा जन्म कोकणातल्या एका नदीकाठच्या वेळूच्या बेटात झाला. नदीचे नाव सांगत नाही. तशा नद्या तिकडे पुष्कळ आहेत. घाटातून धावत उतरतात आणि समुद्र जवळ आला की रुंद होऊन रेंगाळतात. समुद्राची भरती त्यांच्यात आतवर, पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत चढते. त्या चढत्या पाण्यावर बसून मालाचे पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, बंदरातून वरच्या बाजारपेठेपर्यंत जात आणि ओहोटीबरोबर परत येत. रस्ता नव्हता तेव्हा नदी हाच रस्ता होता.

एका पडावाच्या तांडेलाने, म्हणजे मुख्य नावाड्याने, मला तोडले, वहाळाच्या वाहत्या पाण्यात भिजत घातले, चुलीच्या वर धुरात ठेवून सरळ केले. मग कोयत्याने माझ्या अंगावर हाताहाताच्या अंतराने खाचा पाडल्या. एवढे झाल्यावर त्याने आपला पडाव मालाने पुरता भरला, धक्क्याला आणला आणि मला त्याच्या कडेने पाण्यात उभे धरले. माझे खालचे टोक तळाच्या पातळीला आणून पाणी माझ्यावर कुठवर येते ते पाहिले, त्याच्या वर चार बोटे सोडली आणि तिथे तांब्याची तार गुंडाळून हे कडे केले.

"हे कडं पाण्यात बुडालं की माझा पडाव तरंगला," तो म्हणाला. "दिसलं की थांबायचं. दुसरं काय बघायचं नाय."

तो हे कुणाला सांगत होता? आपल्या मुलीला, सुंदराला. ती पडावाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकावर बसायची. मला पाण्यात सोडायची आणि मागे सुकाणू धरून बसलेल्या बापाला ओरडून सांगायची, "कडं बुडालं!" किंवा "कडं दिसतंय!" तिचा आवाज दोन्ही काठांवर ऐकू जाई. तेव्हा माझे कडे तिच्या कपाळाशी येत असे. मला सगळे पाणकाठी म्हणत.

तुम्हाला वाटेल, रोजच्या नदीत रोज काय मोजायचे? पण नदी पावसाळ्यात आपली खोल वाट बदलते. जिथे गेल्या वर्षी पडाव चालला तिथे यंदा रेतीचा दांडा उभा असतो. म्हणून पाऊस सरला, तांबडे पाणी निवळले, की काठचे सगळे नाववाले एक दिवस ठरवून निघत. पाणी चाचपत वरपर्यंत जात आणि खोल वाटेच्या दोन्ही बाजूंना तिवराच्या फांद्या रोवून येत. याला 'वाट घालणे' म्हणत. त्या दिवशी कुणी घरी राहत नसे. पडाव ज्याचा त्याचा, पण वाट सगळ्यांची. मी पुष्कळ वर्षे ती वाट घालायला गेले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत चांगले दिवस होते, असे आता वाटते. तेव्हा तसे काही वाटले नव्हते.

सुंदराचे लग्न परळच्या गिरणीतल्या दगडूशी ठरले. दगडू साच्यावर विणकर होता. निघताना तांडेलाने मला तिच्या हातात दिले. धाकटा भाऊ लवू रुसला. "मग माझ्या पडावाला काय?"

"तुला दुसरी करून देतो," बाप म्हणाला. "ही तिच्या हाताची."

दुसरी त्याने केलीही. पण लवू पुढे म्हणत असे की ती कधी माझ्याइतकी खरी निघाली नाही.

बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरलो. व्हिक्टोरियावाल्याने मला पाहून घोडा हाकलला, ट्रामच्या कंडक्टरने पायरीवरूनच हात जोडले. शेवटी दगडू ट्रंक घेऊन पुढे आणि सुंदराबाई मला खांद्यावर घेऊन मागे, अशी त्यांची वरात लालबागला चालत आली. चाळीच्या जिन्यात मी वळेना. मग गॅलरीतून दोर सोडून मला बाहेरून वर ओढले. शेजारच्या गंगुबाई पदर तोंडाला लावून बघत होत्या.

"अगो बाई, लोकांच्या सुना दागिने आणतात. दगडूच्या बायकोनं बांबू आणला!"

"दागिने मोडता येतात हो गंगुबाई," सुंदराबाई घाम पुसत म्हणाली. "ही मोडायची नाही."

त्या दिवसापासून मी गॅलरीच्या छताला आडवी टांगली गेले. माझ्यावर धोतरे, लुगडी, लंगोट, गोधड्या वाळल्या. नदीच्या काठीने लंगोट वाळवावेत याचे सुरुवातीला वाईट वाटले, पण सवय झाली. नारळी पौर्णिमेला मात्र सुंदराबाई मला खाली उतरवायची, हळदकुंकू लावायची आणि कड्यावरून बोट फिरवून पुन्हा टांगायची.

तळमजल्यावर आमच्या गावकऱ्यांची एक खोली होती. गावाहून येणारा प्रत्येक जण आधी तिथे वळकटी टाके. दरवर्षी वळकट्या वाढू लागल्या. ज्यांच्याबरोबर मी वाट घालायला जात असे, तेच नाववाले एकेक करून गिरणीत लागले. गावी नवा रस्ता झाला, एस.टी. आली, मागोमाग ट्रक आले. लवूचे निरोप येत. दिवाळीला या, चार माणसे तरी या, नदीची वाट घातली पाहिजे. खोलीत सगळे माना डोलावत. "जायला पाहिजे रे, जायला पाहिजे. ह्या वर्षाला नाय जमत, पुढल्या वर्षाला नक्की." पुढल्या वर्षीही हेच बोलणे होई. गावाबद्दल त्यांना प्रेम नव्हते असे नाही. उलट फार होते. पण रजा आणि नदी यांचा मेळ बसत नसे.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. त्या दिवसांत लालबाग-परळ कसे पेटून उठले होते, ते तुमच्या आजोबांना विचारा. चाळीचाळींतून सभा होत, माणसे भोंगा झाल्यावर घरी न जाता मोर्चाला जात. सुंदराबाईचा मुलगा जयवंत तेव्हा नुकता बदली कामगार म्हणून गिरणीत लागला होता. आवाज खणखणीत. गावकऱ्यांच्या मंडळाचा झेंडा मोर्चात तोच धरणार असे ठरले.

झेंडा शिवून झाला, पण काठी कुठून आणायची? जयवंतने वर पाहिले. मी दिसले.

घरात कोणी नव्हते. दगडू पाळीवर, सुंदराबाई बाजारात. जयवंतच्या मित्रांनी मला खाली उतरवले आणि गॅलरीत उभी केली.

"जयवंता, लय लांब आहे रे," एक जण म्हणाला. "खाली रस्त्यावर ट्रामची तार आहे. झेंडा अडकला म्हणजे मोर्चा तिथंच लटकेल."

"मग कापू या हातभर."

"कुठनं?"

जयवंतने मला निरखून पाहिले. वरचे टोक निमुळते, गुळगुळीत. झेंड्याची खोळ त्यात नीट बसत होती. खालचे टोक जाड आणि नदीच्या चिखलाने काळे पडलेले. कुठलाही शहाणा माणूस जे ठरवील तेच त्याने ठरवले. शेजारून करवत आणली आणि माझे खालचे काळे टोक, एका खाचेच्या थोडे वर, हातभर कापून टाकले. मग राहिलेल्या अंगाला भगवा रंग फासला.

मित्रांनो, नीट लक्ष द्या. कडे जिथल्या तिथे होते. खाचा जिथल्या तिथे होत्या. मीच खालून हातभर कमी झाले होते, म्हणजे आता हातभर कमी पाण्यातही कडे बुडणार होते. त्या मुलाचा काय दोष? त्याने नदी दोनदा पाहिली होती, तीही एस.टी.च्या खिडकीतून.

मोर्चा निघाला. मी उंच होते, अंगावर झेंडा फडफडत होता, हजारो माणसे घोषणा देत होती. खोटे कशाला बोलू, मला अभिमान वाटला. मग पुढे कुठेतरी गडबड झाली, धूर झाला, पळापळ सुरू झाली. जयवंत पडला आणि फुटपाथच्या कडेवर त्याचे डोके आपटले. पण त्याने मला सोडले नाही. मित्रांनी त्याला धरून घरी आणले तेव्हा त्याचा सदरा लाल झाला होता.

सुंदराबाईने दार उघडले. तिने मुलाचे डोके पाहिले. मला पाहिले नाही. कुठल्या आईने पाहिले असते? तिने जखमेत हळद चेपली. खालून पुन्हा आरडाओरडा ऐकू आला तशी ती दार लावायला धावली. दाराची कडी पूर्वीच मोडलेली होती. तिने इकडेतिकडे पाहिले, कोपऱ्यात पडलेला माझा कापलेला तुकडा दिसला, तो उचलून तिने दाराच्या दोन फळ्यांच्या आतल्या मुठींतून आडवा सरकवला. घट्ट बसला. तेव्हापासून तो तुकडा त्या घराचा अडसर झाला. रोज तिन्हीसांजेनंतर तिचा हात त्याच्यावरून फिरे, त्या काळ्या रंगावरून, त्या एका खाचेवरून. पण रोज हाताखाली येणारी वस्तू माणूस पाहतो कुठे?

माझे मात्र भाग्य उजळले. 'मोर्चातली काठी' म्हणून मला मंडळाच्या खोलीत मान मिळाला. सभेच्या वेळी हार घालत. गंगुबाईसुद्धा म्हणाल्या, "बांबू आणला म्हणून हसलो होतो गो, पण बांबूनं नाव काढलं!" चार वर्षे मी प्रत्येक मिरवणुकीत गेले. अखेर मुंबईसह महाराष्ट्र झाला. चाळीला दिव्यांच्या माळा लागल्या, सुंदराबाईने गूळखोबरे वाटले आणि मी गॅलरीत झेंड्यासकट ताठ उभी राहिले.

त्याच आठवड्यात लवू आला. उन्हाने रापलेला, खांद्यावर रिकामी पिशवी. उंबऱ्यातच बसला.

"काय रे लवू, गुळाचा वास आला वाटतं गावापर्यंत?" दगडूने विचारले.

"भावोजी, गूळ नंतर. मला बाय पाहिजे नि तिची काठी पाहिजे."

सुंदराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "झालं काय?"

"वरच्या पेठेतले अच्युतशेट आहेत ना, ते यंदापासून कौलं ट्रकनं आणायची म्हणतात. मी पाय धरले. म्हटलं, तीन पिढ्या आमच्या पडावानं तुमची कौलं आणली. तर म्हणाले, बरं, पुनवेच्या उधाणाला भरलेला पडाव माझ्या धक्क्याला लावून दाखव. लागला तर पावसाआधीचा सगळा माल तुझा. नाय लागला तर मला परत विचारू नकोस."

"मग लाव की मामा," जयवंत म्हणाला. "पुनवेला पाणी असतंच."

"पाणी असतं, पण वाट कुठं आहे रे? किती वर्षं कोणी घातलीय? मी अर्धा पडाव भरून कसातरी जातो. पुरा भरला तर कुठं बसंल सांगता येत नाय. माझी काठी केव्हाच कुजली. आता बायच्या कड्याशिवाय मला कुणावर भरवसा नाय."

'पुढल्या वर्षाला नक्की' म्हणणाऱ्यांत दगडूही होता.

"आलीच मी," सुंदराबाई म्हणाली. "चार दिवस पोळ्या गंगुबाई लाटतील."

"लाटीन हो," गंगुबाई दारातून म्हणाल्या, "पण येताना आमसुलं आण. नुसती नदी मोजून येऊ नकोस."

जयवंत लाजत पुढे झाला. "मामा, मी पण येतो. काठी मी नेतो. आमची काठी आहे ती."

त्याने झेंडा सोडून त्याची घडी केली. दगडूनेही चार दिवसांची रजा काढली. सुंदराबाईने विळीने माझ्यावरचा रंग खरवडला. तांब्याचे कडे चमकले तशी तिच्या चेहऱ्यावरची कितीतरी वर्षे उतरली. तिने मला जमिनीवर उभे केले. कडे तिच्या कमरेशी आले.

"बघा तरी," ती दगडूला म्हणाली, "लहानपणी हे कडं माझ्या कपाळाला लागायचं. केवढी वाटायची ही तेव्हा!"

"तू वाढलीस, ती नाय," दगडू हसून म्हणाला.

ती पण हसली. मी ओरडायला पाहिजे होते. पण काठीला आवाज नसतो, काठीला फक्त खुणा असतात.

पुनवेच्या दिवशी दुपारच्या भरतीवर पडाव निघाला. कौलांच्या चळती कठड्यापर्यंत रचल्या होत्या. मागे लवू सुकाणूवर, मध्ये दगडू आणि जयवंत वल्ह्यांवर, पुढे नाळेवर पदर खोचून सुंदराबाई, आणि तिच्या हातात मी. किती वर्षांनी माझे अंग त्या पाण्यात गेले! पाणी तसेच होते, कोमट आणि किंचित खारट. एक क्षण मी सगळे विसरले.

"कडं बुडालं!" सुंदराबाई ओरडली. तोच आवाज. काठावर जाळे विणणारा एक म्हातारा मान वर करून पाहू लागला. "अरे, ही तांडेलाची पोर!" तो म्हणाला आणि उभाच राहिला.

"कडं बुडालं! कडं बुडालं!" वळणामागून वळणे गेली. खाली पाणी खरोखरच पुष्कळ होते, म्हणून माझे खोटे उघडे पडले नाही. जयवंत आईकडे असा पाहत होता की जणू ही बाई त्याने पूर्वी पाहिलीच नव्हती. "आई, तू हे कधी सांगितलं नाहीस आम्हाला," तो म्हणाला. "तू विचारलंस कधी, रे?" ती म्हणाली, पण रागाने नव्हे.

पेठेचा धक्का दिसू लागला. छत्री उघडून अच्युतशेट उभे होते, आजूबाजूला बघ्यांची गर्दी. मध्ये एकच रुंद वळण राहिले होते.

लवूने डोळे बारीक केले. "बाय, पुढं पाण्याचा रंग फिका दिसतोय गो."

सुंदराबाईने मला खोल सोडले. माझे टोक रेतीला टेकले. पाणी कड्याच्या वर दोन बोटे आले. मला कळले की इथे पडावाला पुरेल एवढे पाणी नाही. पण कडे बुडाले होते, हे तर खरेच होते.

"कडं बुडालं!" ती म्हणाली.

"नीट बघ गो."

"बघितलं. बापाचं कडं आहे ते, लवू. बापावर भरवसा नाय तुझा?"

"तुझ्या शब्दावर," लवू म्हणाला आणि त्याने सुकाणू सरळ धरले.

पडाव दांड्यावर चढला. मोठा आवाज झाला नाही. नुसते करकरले आणि सगळे पुढे कलंडले. लवूने उडी मारली, जयवंतने उडी मारली, दगडू वल्ह्याने रेतीत रेटू लागला. धक्क्यावरून दोघे चौघे पोहत आले. पडाव हलेना. ज्या पाण्यावर चढून आलो होतो तेच पाणी आता फिरले होते. ओहोटी कुणासाठी थांबत नाही. पाणी उतरत गेले तसा पडाव एका अंगावर कलू लागला. कौलांची पहिली चळत घसरली, मग दुसरी. पुढचे मला सांगवत नाही. कौलांचा तो आवाज दोन्ही काठांवर गेला, जसा पूर्वी सुंदराचा आवाज जाई. शेवटी कुशीची एक फळी उकलली आणि आत चिखल शिरला.

"मुंबईचं पाणी लागलं बाईला," गर्दीत कोणी तरी म्हणाले. "नदीचं विसरली."

जयवंत त्या दिशेने धावला, पण लवूने त्याचा दंड धरला.

अच्युतशेट धक्क्याच्या पायऱ्या उतरून चिखलापर्यंत आले. त्यांना आनंद झालेला नव्हता. "लवू, तुझ्यावर राग नाही," ते म्हणाले. "फुटलेल्या कौलांचंही मी बघतो. पण आता ट्रकच." आणि छत्री मिटून परत गेले.

सुंदराबाई चिखलात उभी होती. तिने मला दोन्ही हातांनी धरले होते. "कडं बुडालं होतं रे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"बुडालं होतं. मी पण बघितलं," लवू म्हणाला. "नदी बदलली गो. तू नाय बदललीस."

पाऊस सुरू व्हायच्या आत लवूने पडावाच्या फळ्या विकल्या आणि आमच्याबरोबर मुंबईला आला. तळमजल्यावरच्या खोलीत आणखी एक वळकटी पडली. दगडूने खटपट करून त्याला गिरणीत चिकटवले. ज्या हाताला सुकाणूची सवय, त्या हाताने तो कापडाचे तागे ढकलू लागला. जेवायला मात्र तो वर बहिणीकडे येई.

मला कुणी टाकून दिले नाही. झेंड्यालाही पुन्हा लावले नाही. जयवंतने गपचूप मला गॅलरीत दोरीच्या टेकूला उभे केले. तो मधूनमधून आईला विचारी, "आई, चूक नक्की कुठं झाली गं? कडं तर बुडालं होतं." ती म्हणे, "माझाच अंदाज चुकला असेल. जेव तू."

एका संध्याकाळी दोरीवरचे वाळलेले कपडे घेऊन ती आत आली आणि दार लावायला वळली. अडसर हातात घेतला आणि थांबली. कुणास ठाऊक का, त्या दिवशी तिने तो पाहिला. खालचा काळा रंग. त्यावरची एक खाच, कोयत्याच्या दोन तिरप्या घावांची, जशी तिचा बाप पाडत असे. ती पुन्हा गॅलरीत आली. मला उचलून तो तुकडा तिने माझ्या खाली उभा धरला. करवतीचे काप एकमेकांना बरोबर जुळले.

तांब्याचे कडे तिच्या कमरेपासून उठून खांद्याशी आले.

एवढ्या वर्षांनी मी पुरी झाले होते, आणि आता त्याचा काही उपयोग नव्हता.

"आई, काय करतेस बाहेर?" आतून जयवंतने विचारले. त्याच्या कपाळावर मोर्चातल्या जखमेचा वण अजून होता. त्या वणाचा त्याला मोठा अभिमान होता, आणि तिलाही.

"काही नाही," ती म्हणाली. "दोरीला टेकू लावतेय."

तिने मला परत जागेवर ठेवले आणि तुकडा दाराच्या मुठींत सरकवला.

त्यानंतर काही दिवसांनी पाहुणे आले होते म्हणून दार लवूने लावले. मी गॅलरीत होते, पण दाराच्या फटीतून मला दिसत होते. अडसर सरकवताना त्याचा अंगठा खाचेत बसला. तांडेलाचाच मुलगा तो. अंगठा तिथून हलला नाही. त्याने हळूच बहिणीकडे पाहिले. ती ताटे वाढत होती. तिने वर पाहिले, मग जेवायला बसलेल्या जयवंतकडे पाहिले, आणि 'नको' म्हणून मान अगदी थोडी हलवली.

"बाय," लवू म्हणाला, "अडसर चांगला घट्ट बसतो गो."

"बसू दे," ती म्हणाली. "ये, भात निवतोय."

जयवंतने मामाच्या पानाजवळ तुपाची वाटी सरकवली. त्या दोघांनी पुढे कधी हा विषय काढला नाही. गावात सुंदराबाईला अजून 'नदी विसरलेली' म्हणतात. ती ऐकून घेते.

मित्रांनो, तुम्हाला उपदेश करावा एवढी माझी योग्यता नाही. ज्या काठीने पडाव बुडवला तिचे कोणी का ऐकावे? पण एक विनंती करते. घरात एखादी जुनी, बेढब, काळी पडलेली वस्तू दिसली आणि ती कापावीशी, मोडावीशी वाटली, तर आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की ही कशासाठी होती. आणि मोठ्या माणसांनो, तुम्हीही मुलांनी विचारण्याची वाट पाहत बसू नका, आपण होऊन सांगा. तुमच्या गावाला नदी असेल तर वर्षातून एकदा तरी जाऊन तिची वाट घाला. नदी चालत्या माणसांची असते. तिच्याकडे जाणे सोडले की ती आपली वाट मिटवून टाकते, आणि मग कुणाच्या बापाचे कडे तिला उपयोगी पडत नाही.

पावसाळ्यात आमच्या गॅलरीत पाणी साचते. माझे कापलेले टोक त्या पाण्यात उभे असते. किती पाणी आहे, ते मला अजून अचूक कळते. तुकडाभर दारात, बाकीची दोरीखाली, अशी मी उभी असते. विचारत मात्र कोणी नाही.